हिंदू-ज्यू लग्नाचं पॅकेज: मांडव झकास, क्रम कच्चा

कोल्हापुरातल्या एका लग्न-नियोजकाकडे हल्ली ‘दोन पद्धतींचं लग्न’ असं वेगळं पॅकेज मिळतं. मांडव, गुरुजी, ज्यू विधींचं सामान, जेवण आणि नोंदणीची मदत, सगळं एकाच दरपत्रकात. एक बाजू बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातली, असली की वाचूनच हायसं वाटतं. मांडवाच्या कामाला आम्ही दहापैकी नऊ देऊ. वेळापत्रकाला चार, तेही हात सैल सोडून.

सुरुवात तारखेपासूनच चुकते. यांच्या टेबलावर पंचांग आहे, ज्यू दिनदर्शिका नाही. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत शब्बाथ. त्यात लग्न लागत नाही आणि कडक पाळणारे प्रवासही करत नाहीत. म्हणजे शनिवारचा दिवस बाद, शुक्रवारची गोरज बाद. रविवारी सकाळचा मुहूर्त धरला, तर पुण्याची मंडळी शनिवारी रात्री निघून सव्वादोनशेच्या वर किलोमीटर येणार, हळदीला मुकणार आणि मांडवात पेंगणार. रविवारची गोरज सगळ्यांना सोयीची. ज्यू परंपरेत मंगळवारही शुभ, कारण त्यांच्या धर्मग्रंथात सृष्टी घडवण्याच्या तिसऱ्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, ‘चांगलं आहे’ असं दोनदा म्हटलेलं आहे.

उन्हाळ्यात गाठ आणखी घट्ट होते. पेसाख या ज्यू सणापासून 49 दिवस मोजतात, त्याला ओमेर म्हणतात, आणि त्या काळात परंपरेने लग्नं टाळतात. किती दिवस पाळायचे ते घराघरात वेगळं, 33 वा दिवस मात्र बहुतेकांना चालतो. पेसाख बहुधा चैत्री पौर्णिमेच्या आसपास येतो, म्हणजे वैशाखातला आपला हंगाम त्यात अडकलाच. 2026 चंच बघा: ओमेर 3 एप्रिल ते 21 मे, अक्षय तृतीया 19 एप्रिलला, आणि 17 मेपासून अधिक ज्येष्ठ. उरतो 33 वा दिवस, सोमवार 4 मेच्या सूर्यास्तापासून मंगळवार 5 मेच्या सूर्यास्तापर्यंत. त्या दिवशी हॉल मिळाला तर नशीब. तुळशीच्या लग्नानंतर, मार्गशीर्षापर्यंत, दोन्ही बाजूंनी रस्ता मोकळा असतो.

दरपत्रकात ‘गुरुजी + रब्बी’ असं छापलंय. हे खोडायला लावा. परंपरेने चालणारा रब्बी (ज्यू धर्मगुरू) किंवा हझ्झान (प्रार्थना चालवणारा) ज्यू आणि बिगर-ज्यू यांचं लग्न लावत नाही. धर्मशास्त्रात त्याला जागाच नाही, त्यामुळे जास्त पैसे देऊनही प्रश्न सुटत नाही. अशा लग्नात आशीर्वाद बहुधा घरातलं जाणतं माणूस म्हणतं आणि केतुबाचा, म्हणजे विवाहकराराचा, मजकूरही वेगळा लिहून घ्यावा लागतो. आयता छापील नमुना आणून नावं भरली, तर ज्यू बाजूचे वडीलधारे तो पहिल्या ओळीतच ओळखतात. साक्षीदार दोन, शक्यतो नात्याबाहेरचे.

आता मांडव. इथे यांचं कौतुकच. आपल्या लग्नमंडपाला चार खांब, खुप्पालाही, म्हणजे ज्यू लग्न ज्याखाली लागतं त्या छतालाही, चार. यांनी दहा बाय दहा फुटांचा, नऊ फूट उंच असा एकच सांगाडा केलाय. केळीचे खुंट आणि झेंडू खांबांना, माथा उघडा. खुप्पाच्या वेळी वर तलीत, म्हणजे प्रार्थनेची शाल, चार कोपऱ्यांना सुरगाठीने बांधतात. दोन माणसं, पाच मिनिटं. हे महत्त्वाचं, कारण होम चालू असताना तलीत वर असेल तर तुपाची आहुती पडल्यावर काजळी थेट त्या पांढऱ्या कापडाला लागते, आणि ती शाल बऱ्याचदा आजोबांची असते.

पण मग क्रमात माती खाल्ली. यांच्या कागदावर पाच वाजता खुप्पा, नंतर गोरजेला मंगलाष्टकं. खुप्पाचा शेवट पेला फोडून होतो. त्याच जागेवर पुढे अंतरपाट, लाजाहोम, सप्तपदी, सगळं अनवाणी! गालिच्यात रुतलेली काच झाडूने निघत नाही. क्रम उलटा हवा: सहाच्या सुमारास गोरजेला अक्षता, साडेसातपर्यंत सप्तपदी, पंचवीस मिनिटं कपडे बदलायला, मग खुप्पा. पिवळी अष्टपुत्री उतरवून पांढरी साडी नेसायला एवढा वेळ लागतोच. (पांढऱ्या रंगावरून आजीने नाक मुरडलं तर लाल काठ घ्या, वाद मिटतो.) यात आणखी एक फायदा आहे. केतुबावर ज्यू तारीख लिहितात आणि ती सूर्यास्ताला बदलते. गोरजेच्या आसपास सह्या केल्या की कुठली तारीख यावर काथ्याकूट होतो. पूर्ण अंधार पडल्यावर दुसऱ्या दिवसाची तारीख निर्विवाद.

पेल्याबद्दलही सांगून ठेवा. यांनी सामानात चहाच्या टपरीवरचा ग्लास दिला होता. तो जाड बुडाचा, टाचेखाली घसरतो, फुटत नाही. पातळ काचेचा पेला घ्या, जाड नॅपकिनच्या दोन घड्यांत गुंडाळून कापडी पिशवीत घाला आणि गालिच्याखाली प्लायवूडची फळी ठेवा. नवरदेवाच्या पायात बंद बूट हवा. कोल्हापुरी चप्पल कितीही देखणी असली तरी इथे नको. आणि मेव्हण्यांना आधीच दम द्या: बूट लपवायचे तर खुप्पानंतर.

सप्तपदीचं एक पाऊल, ज्यू लग्नातल्या सात आशीर्वादांतला एक आशीर्वाद, अशी सरमिसळ हे ‘खास आकर्षण’ म्हणून विकतात. आमच्या मते करू नये. ऐकणाऱ्याला ना मंत्र कळतो ना आशीर्वाद, आणि सातव्या पावलापर्यंत फोटोग्राफरच मध्ये उभा असतो.

जेवण ठीक. कोशर, म्हणजे ज्यू खाण्यापिण्याच्या, नियमात मांस आणि दूध एकत्र चालत नाही, हे आचाऱ्याला सांगितलेलं होतं, पण त्याने मटणाला दही लावलंच. तांबडा-पांढरा ठेवायचाच असेल तर दही, दूध, तूप बाहेर आणि पांढरा निव्वळ नारळाच्या दुधात. मग पंगतीत मठ्ठा आणि बासुंदीही नाही. त्यापेक्षा लग्नादिवशी मसालेभात, जिलेबी, मठ्ठा असं शाकाहारी करा, कुणाचीच अडचण नाही. आशीर्वादाच्या वेळच्या द्राक्षारसाऐवजी बेने इस्राएल घरांत काळ्या मनुकांचं सरबत चालतं: पाव किलो मनुका लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, कुस्करून गाळायच्या.

मलिद्याला, म्हणजे बेने इस्राएलांच्या गोड पोह्यांच्या प्रसादाला, शंभर माणसांना प्रसादापुरते दोन किलो पोहे, आठ नारळ, दीड किलो साखर, वेलची, सुकामेवा आणि वर फळं. पोहे धुऊन निथळायचे, बस. यांच्या आचाऱ्याने फोडणी घातली. दडपे पोहे म्हणून उत्तम होते.

नोंदणी हिंदू विवाह कायद्याखाली होत नाही, 1954 चा विशेष विवाह कायदा लागतो. दोघांपैकी एकाचं जिल्ह्यात किमान 30 दिवस वास्तव्य, मग नोटीस, त्यानंतर 30 दिवसांची मुदत आणि तीन साक्षीदार. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस पुन्हा द्यावी लागते. नियोजक ‘आठवड्यात करून देतो’ म्हणाले, तर इसार देऊ नका.