बोलीयो : दहा महिने रोज खाल्लेला मेक्सिकन पाव

मेक्सिको सिटीत आल्यावर पहिले काही आठवडे पोळ्यांशी झटापट केली. पोळ्या काही जमेनात, मग गल्लीतल्या पानादेरियातून, म्हणजे बेकरीतून, बोलीयो आणायला लागले. आता पोळपाट रविवारीच बाहेर येतो.

वीतभराहून थोडा आखूड, टोकांना निमुळता, मधे एक चीर. लादीपाव डोळ्यांसमोर आणू नका, गोव्याचा उंडो आणा. ताट-चिमटा घेऊन आपणच उचलायचा. गरम पिशवी कानाशी धरली की कवच तडतडताना ऐकू येतं. दुसऱ्या सकाळी मात्र त्याचा दगड! शहर 2240 मीटरवर, हवा कोरडी. पाण्याचा हबका मारून तव्यावर झाकून ठेवला की दोन मिनिटांत माणसात येतो.

पौष्टिक वगैरे म्हणणार नाही, मैदाच तो. 70 ग्रॅमच्या एका बोलीयोत 200च्या आसपास कॅलरी, सहाएक ग्रॅम प्रथिनं, तंतू नावालाच. इथे वजन सांभाळणारे आतला मऊ गर, म्हणजे मिगाहोन, काढून टाकतात. मीही काढते आणि चहाबरोबर खाते! खरा फरक पडला मोयेतेमुळे. पाव उभा चिरायचा, घोटलेल्या राजम्याचा जाड थर, वर चीज, भाजून झालं की कांदा-टोमॅटो-हिरवी मिरची-कोथिंबीर. डब्याला दोन अर्धे नेले तर चारपर्यंत भूक लागत नाही. शाकाहारी असाल तर 'मांतेका' आहे का विचारा. ती डुकराची चरबी. राजम्यात हमखास, कधी पावातही.

सकाळी कोपऱ्यावर गुआहोलोता मिळतो, पावात अख्खा तामाल, म्हणजे मक्याच्या पिठाचा वाफवलेला उंडा. मक्याचं पीठ गव्हाच्या पिठात! वडापाव खाऊन वाढलेल्यांनी नाक मुरडू नये. तोर्ताला, म्हणजे इथल्या सँडविचला, चपटा, मऊ तेलेरा पाव बरा. ग्वादालाहाराला गेलात तर तिथला आंबूस, टणक बिरोते घ्या. त्याचा तोर्ता आओगादा सालसात बुडवून देतात, तरी पाव विरघळत नाही. मिसळीच्या रश्शात लादीपावाचं काय होतं ते आठवा.

शिळे बोलीयो मी साठवते. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासांच्या, दिवसांत शेजारच्या काकूंनी कापिरोतादा शिकवली : भाजलेले तुकडे, दालचिनी घातलेला गुळाचा पाक, शेंगदाणे, मनुका आणि चीज. गुळात चीज मला अजून पटलेलं नाही.

याच काकूंनी भूकंपाचा भोंगा वाजला त्या रात्री, आम्ही सगळे रस्त्यावर उभे असताना, माझ्या हातात अर्धा बोलीयो कोंबला. "पारा एल सुस्तो," म्हणाल्या, घाबरल्यावर खायचा. गार होता, चिवट होता. सगळा खाल्ला.