सील खरं, इंजिन खोटं

त्या रात्री मी मुख्य शर्यतीत चौथा आलो होतो. स्प्रिंट कार, म्हणजे मातीच्या छोट्या ट्रॅकवर पळणारी हलकी रेस कार, चालवायला लागल्यापासूनची माझी ती सगळ्यात चांगली रात्र. पहिल्या पाचांच्या गाड्या तपासणीला लावायच्या असतात, तशी मीही लावली. तपासनीसाने एक स्पार्क प्लग काढला, त्या जागी मोजमापाचं यंत्र बसवलं आणि इंजिन हाताने फिरवायला लावलं. एका सिलिंडरचं माप सव्वासहाशे सीसीच्या आसपास यायला हवं होतं. आलं सातशेच्या वर. त्याने दुसरा प्लग काढला, पुन्हा मोजलं. तेच.

माझा निकाल रद्द झाला आणि बक्षीस गेलं. त्याचं एवढं काही नाही. पण आदल्याच आठवड्यात ज्यांनी मला स्वतःचा जुना टायर दिला होता, ते माझ्याशी न बोलता ट्रेलरकडे निघून गेले. त्यांच्या लेखी मी मोठं इंजिन लपवून शर्यत खेळणारा माणूस होतो. फसवलं मला, आणि चोर ठरलो मी. हे दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून लिहितोय.

मी कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात वडिलांचं सिलिंडर बोअरिंगचं वर्कशॉप आहे. डिझेल इंजिनांच्या नोकरीमुळे मी इंडियाना राज्यातल्या कोलंबसला आलो. तिथून तासाभरावर ब्लूमिंग्टनला लाल मातीचा पाव मैलाचा ट्रॅक आहे. शुक्रवारी रात्री तिथे पहिल्यांदा स्प्रिंट कार पाहिल्या आणि मला दुसरं काही सुचेना. ड्रायव्हर धरून जेमतेम साडेसहाशे किलो वजन. वरच्या वर्गात ४१० घनइंचाचं इंजिन, त्याची ताकद नऊशे अश्वशक्तीच्या घरात. ते नुसतं इंजिनच पन्नास हजार डॉलरच्या पुढे जातं. आमच्यासारख्या पगारदारांसाठी ३०५ घनइंचाचा, म्हणजे पाच लिटरचा वर्ग आहे. त्यात इंजिनाला नंबर असलेलं सील लावतात. आत काय आहे ते जोडणाऱ्याने तपासलेलं असतं आणि सील शाबूत असेपर्यंत ते ग्राह्य धरतात. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठीच ही पद्धत आहे आणि ती चांगली आहे, हे आजही म्हणेन.

दोन वर्षं साठवून माझ्याकडे बारा हजार डॉलर जमले होते. ओहायोतल्या एकाने जाहिरात दिली होती: चॅसी (गाडीचा सांगाडा), सीलबंद ३०५ इंजिन, दोन जास्तीची चाकं, साडेअकरा हजार. इंजिनाचं काम नुकतंच केलंय, त्यानंतर फक्त चार रात्री चाललंय, असं तो म्हणाला.

हे 'चार रात्री' नीट समजून घ्या. स्प्रिंट कारला किलोमीटर मोजणारा काटा नसतो. रस्त्यावरच्या गाडीसारखी सरकारी कागदपत्रं नसतात. इंजिन किती वापरलं ते शर्यतीच्या रात्रींवर मोजतात, आणि किती रात्री झाल्या ते फक्त मालकाला माहीत. शिवाय या गाडीला स्टार्टर नसतो, बॅटरी नसते. मागून ट्रकने ढकलत नेऊन ती सुरू करावी लागते. तो म्हणाला, इथे ढकलायला जागा नाही, शेजारी तक्रार करतात. मला ते पटलं, कारण खरोखरच जागा नव्हती. अशा रीतीने मी एका इंजिनाचा आवाजही न ऐकता ते विकत घेतलं.

पण खरा घोळ सीलचा. वडिलांनी फोनवर एकच विचारलं होतं, "बोअर मोजलास काय?" बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास; तो मोजायला हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, काढावं लागतं. मी म्हणालो, अण्णा, हेड उघडलं तर सील तुटतं, आणि सील तुटलं की इंजिन बाद. ते गप्प बसले. मग म्हणाले, "मग तू इंजिन न्हाई, सील घेतोयस." मला तेव्हा राग आला होता.

शेवरलेच्या ३०५ आणि ३५० या दोन इंजिनांचे ब्लॉक बाहेरून सारखेच दिसतात. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, तीही दोन्हींची एकच. फरक फक्त बोअरमध्ये: ३०५ चा सुमारे ९४.९ मिलिमीटर, ३५० चा १०१.६. हेड बसवल्यावर तो दिसायचा मार्ग नाही. ब्लॉकवर ओतकामाचा नंबर असतो, मागे फ्लायव्हीलच्या बाजूच्या कडेवर. माझ्या इंजिनावर तिथे रंगाचा जाड थर होता आणि मी तो खरवडून पाहिला नाही. उद्यमनगरात वाढलेल्या पोराने हे करावं, याचं वाईट अजून जात नाही.

तपासणीनंतर सीलच्या नंबरावरून इंजिन जोडणाऱ्याचा शोध लागला. भला माणूस. त्याने वही काढून सांगितलं, हा नंबर त्याने जोडलेल्या एका ३०५ चा होता आणि तो ब्लॉक फुटून भंगारात गेल्याचं त्याला कळलं होतं. त्या मेलेल्या इंजिनावरचं सील काढून माझ्या ३५० वर बसवलं होतं. विकत घेण्याआधी मी हाच एक फोन केला असता तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता.

विकणाऱ्याने माझा नंबर ब्लॉक केला. पावतीवर "रेस कार, आहे त्या स्थितीत" एवढेच शब्द, इंजिनाचा उल्लेखच नाही. ओहायोत छोट्या दाव्यांच्या कोर्टाची मर्यादा ६,००० डॉलर. त्याच्यावर मोठा दावा लावायचा तर वकील हवा, आणि वकिलाच्या पैशात दुसरं इंजिन येतं. मी दावा लावला नाही. बरोबर केलं का, अजून ठरत नाही.

तेव्हा जुनी गाडी घेणाऱ्यांनो, आधी सीलचा नंबर मागा, फोटोसकट. ज्याने सील लावलं त्याला स्वतः फोन करा. विकणाऱ्याने दिलेल्या फोन नंबरावर नको. ट्रॅकवरच्या तपासनीसाला चार पैसे देऊन सिलिंडरचं माप घ्यायला सांगा, त्यासाठी हेड उघडावं लागत नाही. विकणारा नको म्हणाला तर परत फिरा. पावतीवर इंजिनाचं माप आणि सील नंबर लिहून घ्या. आणि सीटचे पट्टे. माझ्या पट्ट्यांवरची तारखेची चिठ्ठी कापलेली होती. दोन वर्षांनी बदलायचे असतात ते, जीव त्यावर असतो. उद्या दुसरा गिऱ्हाईक येतोय असं कुणी म्हणालं तर येऊ द्या.

ज्यांनी टायर दिला होता, त्यांच्याकडे मी त्या इंजिन जोडणाऱ्याचं पत्र घेऊन गेलो. त्यांनी ते पूर्ण वाचलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आत चहा नव्हता म्हणून कॉफी केली.

या हिवाळ्यात एक खरा ३०५ ब्लॉक घेतला, उघडा, नुसता. अण्णांनी उद्यमनगरातून बोअर गेज पाठवलं. रात्री व्हिडिओ कॉल लावून त्यांनी मला एकेक सिलिंडर मोजायला लावला, वर, मधे, खाली, तीन-तीनदा. आठव्याला मी आकडा वाचला, चौऱ्याण्णव पॉइंट नऊ. ते म्हणाले, "परत एकदा वाच."