गोव्यात गाडीचा विमा: एक अख्खा पावसाळा काढल्यानंतर

पुण्याहून गोव्याला बिऱ्हाड हलवायचं ठरलं तेव्हा जो तो एकच सांगत होता, "तिकडे इन्शुरन्स स्वस्त पडेल बघ." गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक, बाराशे सीसीच्या आसपासची. नवी घेताना तीन वर्षांचा थर्ड पार्टी (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा, कायद्याने सक्तीचा विमा) एकरकमी भरला होता. तो संपला आणि पहिलं वर्षावर्षाचं नूतनीकरण थेट गोवा पासिंगवर आलं. पॉलिसी खासगी कंपनीची, ऑनलाइन घेतलेली. कंपनीचं नाव देत नाही, कारण खाली लिहिलेलं बहुतेक सगळं कोणत्याही कंपनीला लागू आहे.

आधी स्वस्ताईचा हिशोब. थर्ड पार्टीत तर एक रुपयाचाही फरक नाही. तो दर केंद्र सरकार ठरवतं आणि देशभर एकच असतो. १ जून २०२२ पासूनचे खासगी गाड्यांचे वार्षिक दर असे: हजार सीसीपर्यंत २,०९४ रुपये, हजार ते पंधराशे सीसी ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७. वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे माझ्या गाडीला ४,०३१, मग ती शिवाजीनगरला उभी असो नाहीतर शिरोड्याला. इलेक्ट्रिक गाडी असेल तर या दरात १५ टक्के सूट आहे.

फरक पडतो तो 'ओन डॅमेज' भागात, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात. मुंबई, पुणे, दिल्लीसह आठ मोठी शहरं झोन ए, बाकी सगळा देश झोन बी. आख्खा गोवा बी मध्ये. जुन्या टॅरिफप्रमाणे पाच वर्षांच्या आतल्या, माझ्यासारख्या इंजिनच्या गाडीला ए मध्ये आयडीव्हीच्या (म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची आजची किंमत) ३.२८३ टक्के आणि बी मध्ये ३.१९१ टक्के. सहा लाख आयडीव्ही धरली तर फरक निघतो ५५२ रुपये, तोही सवलती वजा होण्याआधी. २००७ पासून कंपन्यांना आपापले दर ठरवायची मोकळीक आहे, त्यामुळे दोन कंपन्यांच्या कोटमध्ये याच्या कितीतरी पट तफावत दिसते. शिवाय झोन ठरतो तो गाडीची नोंदणी जिथली आहे त्यावरून, तुम्ही राहता कुठे त्यावरून नाही. एमएच-१२ (पुण्याची नोंदणी) घेऊन म्हापशात राहिलात तरी झोन 'ए' हाच. पाचशे रुपयांसाठी कोणी पासिंग बदलणार नाही हे उघड आहे. पण दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवली की नवा नंबर घेणं कायद्यानेच भाग आहे. एनओसी (आधीच्या आरटीओचा ना-हरकत दाखला), रोड टॅक्स, पुन्हा नोंदणी हे सोपस्कार झाले की पॉलिसीवर नवा नंबर चढवून घ्यायचा (याला एन्डॉर्समेंट म्हणतात). मेल टाकून आणि नव्या आरसीची प्रत जोडून माझं काम झालं.

थोडक्यात, गोव्यात विमा किरकोळ स्वस्त आहे. गोव्यात गाडीला होतं काय, हा प्रश्न प्रीमियमपेक्षा मोठा निघाला.

मे संपता संपता वळवाचा पाऊस आला. घरमालकांच्या अंगणात गाडी उभी होती आणि माडाची एक झावळी नारळांच्या पेंडीसकट खाली आली. पुढची काच फुटली, बोनेट वाकलं, छताला मोठा पोचा. फक्त थर्ड पार्टी असती तर एक छदाम मिळाला नसता. ओन डॅमेजमध्ये मात्र हा 'बाह्य कारणाने अपघात' धरतात. सर्व्हेअर दुसऱ्या दिवशी आला. तोपर्यंत काहीही हलवू नका असं फोनवर सांगितलं होतं. त्याने झावळीचा दांडा आणि नंबर प्लेट एकाच फोटोत येईल असा कोन शोधला, चॅसी नंबरचा फोटो घेतला आणि वर बघून म्हणाला, "अजून दोन सुकल्यात, गाडी त्या बाजूला घ्या." महिन्याला असे किती क्लेम येतात विचारलं तर नुसता हसला.

झीरो डेप (घसारा, म्हणजे भाग जुने झाल्याची कपात, न करता पैसे देणारं जादा कव्हर) म्हणजे काय ते बिल हातात आल्यावर कळतं. साध्या पॉलिसीत काचेवर घसारा नाही, पण रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के, तीन ते चार वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर २५ टक्के, रंगाच्या सामानावर ५० टक्के कापले जातात. माझ्या बिलात नवं बोनेट, वायपरखालची प्लॅस्टिक पट्टी, काचेचं बीडिंग आणि बराच रंग होता. झीरो डेपमुळे हे सगळं पूर्ण मिळालं. माझ्या खिशातून गेले ते हजार रुपये सक्तीची वजावट (पंधराशे सीसीच्या वर दोन हजार) आणि काच चिकटवायचं सीलंट, क्लिपा वगैरे. ते 'कन्झ्युमेबल्स'मध्ये मोडतं आणि ते कव्हर मी घेतलं नव्हतं. ती रक्कम एवढी किरकोळ होती की पुढच्या वर्षीही घेणार नाही.

क्लेममुळे नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल ओन डॅमेजच्या प्रीमियमवर मिळणारी सूट) मात्र गेला. सलग तीन वर्षं क्लेम नव्हता, म्हणून ३५ टक्के होता. आता शून्यापासून पुन्हा २०, २५ असं चढायचं. आरसा तुटला, बंपर घासला अशा किरकोळ गोष्टींसाठी क्लेम करू नये असं माझं ठाम मत झालंय. पुढच्या दोन-तीन वर्षांतला बोनसचा तोटा जोडून बघा, मग ठरवा. इथल्या अरुंद रस्त्यांवर, दोन्हीकडे चिऱ्यांची गडगी असताना, ओरखडे तर पडणारच.

गॅरेजबद्दल थोडी तक्रार आहे. राज्य छोटं असलं तरी कॅशलेस गॅरेजं (जिथे बिल कंपनी थेट भरते) म्हापसा, पर्वरी, वेर्णा, मडगाव याच पट्ट्यात दाटलेली. काच स्टॉकमध्ये नव्हती, कोल्हापूरहून यायची होती, आणि गॅरेजवाले रोज "फाल्यां" (कोकणीत 'उद्या') म्हणत राहिले. सत्तरी किंवा काणकोणच्या आतल्या भागात राहत असाल तर रोडसाइड असिस्टन्स (गाडी वाटेत बंद पडली तर मदत आणि टोइंग देणारं जादा कव्हर) घ्याच, कारण मूळ पॉलिसीत टोइंगचे जास्तीत जास्त १,५०० रुपयेच मिळतात.

दुसरं जरूर घ्यावं ते इंजिन प्रोटेक्शन, म्हणजे पाणी शिरून इंजिन बिघडलं तर त्याचा खर्च देणारं जादा कव्हर. पणजीत १८ जून रस्ता पाण्याखाली जातो ते सगळ्यांना माहीत आहे. पुराचं नुकसान मूळ पॉलिसीत येतं, पण पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्टर मारून चालू करायला गेलात आणि इंजिन बसलं, तर साध्या पॉलिसीत हात वर करतात. कव्हर असो वा नसो, स्टार्टर मारायचा नाही, गाडी ढकलून बाहेर काढायची. खाऱ्या हवेने येणारा गंज मात्र कुठल्याच कव्हरमध्ये येत नाही. तो झीज म्हणून बाहेर.

आता सगळ्यात गोवेकरी मुद्दा. ओळखीतले बरेच जण सीझनमध्ये पांढऱ्या नंबर पाटीची, म्हणजे खासगी गाडी पर्यटकांना भाड्याने देतात. खासगी पॉलिसीत भाड्याचा वापर बसत नाही, त्यासाठी काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलं रेंट-अ-कॅबचं परमिट आणि तसाच विमा लागतो. अपघात झाला तर स्वतःच्या गाडीचा क्लेम फेटाळतात आणि तिसऱ्याला भरपाई द्यावी लागली तर कंपनी ती मालकाकडून वसूल करायला निघू शकते. जखमी किंवा मृत्यूच्या भरपाईला वरची मर्यादा नसते, हे लक्षात घेतलं तर दिवसाच्या भाड्याचा मोह कमी होईल.

विमाच नसेल तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड, पुन्हा सापडलात तर ४,०००, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद. कागद डिजिलॉकरमध्ये असले तरी चालतात.

नूतनीकरणाला झीरो डेप आणि इंजिन कव्हर ठेवणार. १५ लाखांचं सक्तीचं वैयक्तिक अपघात कव्हर घरातल्या स्कूटरच्या पॉलिसीत माझ्याच नावावर आधीच आहे. ते एका मालकाला एकदाच लागतं, त्यामुळे गाडीच्या कोटमध्ये आपोआप टिक होऊन येणारी ती ओळ काढून टाकणार.