सुई की काढा? जुनाट कंबरदुखीसाठी चिनी वैद्यक निवडताना

कंबरदुखी महिनोन्‌महिने हटत नसली की कोणीतरी ‘चायनीज मेडिसिन करून बघ’ म्हणतंच. पण त्या एका नावाखाली टोचायच्या सुयाही (ॲक्युपंक्चर) येतात आणि पोटात घ्यायच्या वनस्पतीही. दोन्हींचा पुरावा वेगळा, धोकाही वेगळा. सुईची पुण्याई काढ्याच्या खात्यावर जमा करू नये.

सुईबाबत सगळ्यात बोलकी चाचणी जर्मनीतली, 2007 साली प्रसिद्ध झालेली. जुनाट कंबरदुखीच्या 1162 रुग्णांचे तीन गट होते. पहिल्या गटाला शरीरावरच्या ठरावीक पारंपरिक बिंदूंवर 5 ते 40 मिलिमीटर खोल सुया, दुसऱ्याला बिंदू सोडून भलत्याच जागी जेमतेम 1 ते 3 मिलिमीटर, तिसऱ्याला औषधं, फिजिओथेरपी आणि व्यायाम. सुयांच्या बैठका अर्ध्या तासाच्या, आठवड्यातून दोन, एकूण दहा. सहा महिन्यांनी ठरलेल्या निकषावर गुण आला तो अनुक्रमे 47.6, 44.2 आणि 27.4 टक्के लोकांना. सुया नेहमीच्या उपचारांना भारी पडल्या खऱ्या, पण बिंदू चुकवूनही जवळपास तेवढाच गुण आला! बिंदूंचा सिद्धांत मांडणाऱ्याला हे अडचणीचं आहे; ज्याची कंबर दुखते त्याला तितकंसं नाही.

तरी एक मेख आहे. कोणती सुई खरी हे टोचणाऱ्याला ठाऊक असतंच, आणि ‘खोटी’ सुईही त्वचेला काहीतरी करतेच. 2018 मध्ये 39 चाचण्यांतल्या 20,827 रुग्णांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा खरी सुई खोटीपेक्षा सरस ठरली. फरक मात्र लहान. म्हणून देशोदेशींचे निर्णयही जुळत नाहीत. जर्मनीतला सरकारी आरोग्यविमा 2007 पासून कंबर आणि गुडघ्यासाठी पैसे देतो, ब्रिटनच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचना कंबरदुखीला सुया देऊ नका म्हणतात. अमेरिकेत मुख्यतः ज्येष्ठांसाठी असलेल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याचा 2020 चा नियम आम्हाला जास्त पटतो: 90 दिवसांत 12 बैठका, गुण दिसला तरच आणखी 8, नाहीतर बंद.

काढ्याचं गणित उलटं. त्यात खरोखर ताकद असू शकते, म्हणूनच धोकाही. चिनी संशोधक थू योयो यांना 2015 चं नोबेल मिळालं ते वनस्पतीतून काढलेल्या आर्टेमिसिनिन या मलेरियावरच्या औषधासाठी. उकळून केलेला अर्क निकामी ठरत होता. चौथ्या शतकातल्या ग्रंथात वनस्पती पाण्यात भिजवून पिळायला सांगितलेली पाहून त्यांनी उष्णता टाळायला सुमारे 35 अंशांना उकळणारं ईथर हे द्रावक वापरलं. मलेरियावर आज चालते ती त्यातून आलेली मोजून दिलेली गोळी. पुरावा त्या रेणूचा आहे, कुठल्याही पुडीचा नाही.

दुसरं टोक ब्रसेल्सचं. 1990 च्या सुमारास तिथे वजन घटवायच्या कॅप्सूलमध्ये एका वनस्पतीऐवजी चिनी नाव मिळतंजुळतं असलेली ॲरिस्टोलोकिया आली. शंभराहून जास्त लोकांची मूत्रपिंडं बिघडली, पुढे काहींना मूत्रमार्गाचा कॅन्सरही झाला. त्यामुळे लॅटिन नाव आणि बॅच क्रमांक नसलेलं पाकीट घेऊच नये. रक्त पातळ करणारं वॉर्फरिन चालू असेल तर डॅनशेन ही चिनी वनस्पती टाळा, रक्त जास्तच पातळ होतं. रक्तदाब असेल तर ज्येष्ठमधावरही लक्ष ठेवा, त्याने पोटॅशियम उतरतं.

कंबरदुखीसाठी दोन्हींत निवडायचंच तर सुई. पण पाय लुळा पडत असेल, लघवीवर ताबा राहत नसेल किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरता असेल, तर दोन्ही सोडून थेट रुग्णालय गाठा. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आहे, तेव्हा नोंदणी विचारा आणि सुयांचं निर्जंतुक पाकीट डोळ्यांसमोर फोडून घ्या. जर्मनीत 2,29,230 रुग्णांच्या पाहणीत 8.6 टक्क्यांना काही ना काही त्रास झाला, बहुतेकांना थोडं रक्त येणं किंवा काळंनिळं पडणं. फुप्फुसाभोवती हवा साठली ती दोघांना. खांद्याच्या वरच्या स्नायूत किंवा बरगड्यांवर सुई खोल गेली की हे होतं. अशा बैठकीनंतर छातीत कळ येऊन दम लागला, तर त्याच दिवशी एक्स-रे काढा.