वेल्डिंग साफ करायला हाताचा ब्रश घेऊ की ग्राइंडरचा?

असं विचारलं की बहुतेक जण डोळे झाकून ग्राइंडर म्हणतात, मशीन असताना हाताने घासत कोण बसणार. पण हा प्रश्न नंतरचा, आधी बघा ब्रशची तार कशाची आहे.

एमएसवर (माइल्ड स्टील, म्हणजे साधं लोखंड) काम असेल तर साधी कार्बन स्टीलची तार चालते, स्वस्तही पडते. तोच ब्रश एसएसवर (स्टेनलेस स्टील) मात्र चुकूनही लावू नका, तारेचे कण जॉबवर घासले जातात आणि ओल लागली की बीडच्या (वेल्डच्या रेषेच्या) कडेने तांबूस ठिपके दिसायला लागतात, मग ओरड सुरू की मटेरियलच डुप्लिकेट दिलं. एसएसला एसएसचीच तार, आणि तो ब्रश एकदा जरी एमएसवर फिरला तरी एसएसच्या कामातून गेला समजा. मी दांड्याला लाल टेप गुंडाळून ठेवतो, तरी कोणीतरी उचलतंच!

ॲल्युमिनियमलाही एसएसचाच पण वेगळा ब्रश, आणि तो वेल्डिंगच्या आधी मारायचा, कारण वरचा ऑक्साइडचा थर वितळायला २००० अंशांच्या वर जावं लागतं आणि खालचं ॲल्युमिनियम ६६० लाच पाणी होतं. आधी तेल-ग्रीस पुसा, मग हलक्या हाताने घासा, उलटं केलंत तर तेल आत रगडाल.

आता हात की मशीन. रॉडने दोन-तीन रन (वेल्डचे थर) मारायचे असतील तर प्रत्येक रननंतर चिपिंग हॅमरने स्लॅग (वेल्डवरची कडक खपली) ठोकून हाताचा अरुंद ब्रश फिरवणं पुरतं, कोपऱ्यात तर ग्राइंडरचा वाटीसारखा कप ब्रश जातच नाही. लांब सांधा किंवा प्राइमरआधी गंज काढायचा असेल तर मात्र ग्राइंडरच. त्यात पीळ दिलेल्या तारांचा कडक ब्रश स्लॅग-गंजाला, सुट्या नागमोडी तारांचा मऊ ब्रश नुसत्या सफाईला. स्पॅटरचे, म्हणजे वेल्डिंग करताना उडून चिकटलेले दाणे कुठल्याच ब्रशने धड निघत नाहीत, छन्नी घ्या. आणि बीड चकचकीत झाली म्हणून खूश होऊ नका, जोरात दाबून घासलं की नरम धातू बारीक पिनहोलवर (वेल्डमधल्या छिद्रावर) लिंपला जातो आणि ते डोळ्यालाच दिसत नाही. दाबल्याने तारा वाकतात ते वेगळंच, काम तारेच्या टोकाने होतं.

घरगुती गेट-ग्रिलवाल्याने आधी हाताचाच घ्यावा, असं माझं मत.

ग्राइंडरचा घेतलात तर ब्रशवर लिहिलेला आरपीएम (मिनिटाला फेरे) मशीनपेक्षा जास्त आहे ना ते बघा, ४ इंची ग्राइंडर ११-१२ हजारांवर पळतो, ड्रिलचा ब्रश त्यावर लावायचा नाही म्हणजे नाही. नवीन ब्रश आधी मिनिटभर रिकामा फिरवा, सुट्या तारा तेव्हाच उडून जातात. मी एकदा कंटाळा केला आणि संध्याकाळी चामड्याचा एप्रन काढला तर छातीपाशी चार तारा सुईसारख्या उभ्या रुतलेल्या, तेव्हापासून चष्म्यावर फेसशील्डपण असतं.