मनगटाचा पट्टा: नऊ महिने आणि मधे एक ऑपरेशन

गेल्या नवरात्राच्या घागरा-चोळ्या शिवतानाच उजव्या हाताला मुंग्या सुरू झाल्या. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अर्धी अनामिका, करंगळी ठणठणीत. रात्री दोनला जाग यायची, हात झटकला की तेवढ्यापुरतं बरं. करंगळी सुटली म्हटल्यावर डॉक्टरांनी मनगटातली मिडियन नस दबत असणार हे लगेच ओळखलं. एनसीव्हीत, म्हणजे नसांच्या तपासणीत, तेच निघालं. डाव्या हातातही सुरुवात होती. थायरॉईड आणि साखरही तपासली.

रात्री मनगटाला बांधायचे पट्टे बडोद्याच्या रावपुऱ्यातून, सर्जिकलच्या दुकानातून आणले. पहिला महिना फुकट गेला. आतली धातूची पत्ती वर वाकलेली होती, त्यामुळे मनगट रात्रभर मागे मुडपलेलं. दुकानदार म्हणाला, "बेन, असाच येतो." पुढच्या खेपेला डॉक्टरांनी पत्ती बाहेर ओढली आणि टेबलाच्या कडेवर दाबून सरळ केली. मनगट सरळ असलं की नसेवर दाब कमी पडतो. आठवड्याभरात सलग झोप लागायला लागली.

तक्रारी आहेतच. वेलक्रोला शिवणाचे दोरे असे चिकटतात की महिन्याभरात तो धरतच नाही. मी जुन्या टूथब्रशने साफ करते. मे महिन्यात बडोद्यात हे घालून झोपायचं म्हणजे शिक्षाच. आत जुन्या सुती मोज्याची नळी घातली, मग घामोळं थांबलं.

उजव्या हाताला मात्र उशीर झाला होता. अंगठ्याखालचा उंचवटा सपाट होत चालला होता. एकदा जॉर्जेटवर रक्ताचा ठिपका दिसला, तेव्हा कळलं सुई बोटात गेलीय. फेब्रुवारीत ऑपरेशन केलं. फक्त हाताला भूल, तळहाताला छोटा छेद, नसेवरचा पट्ट्यासारखा लिगामेंट कापला. अर्ध्या तासात बाहेर. रात्रीच्या मुंग्या त्याच दिवशी गेल्या. बाराव्या दिवशी टाके निघाले.

मला कोणी नीट सांगितलं नव्हतं ते पुढचं. तळहाताचा मनगटाकडचा भाग अडीच महिने दुखला. हाताचा जोर देऊन उठता येईना, कणीक मळता येईना. पोळ्या सासूबाईंनी केल्या आणि रोज ऐकवलंही. बोटांची जाण तर अजून परततेय. जॉर्जेट आणि क्रेप डोळे मिटून ओळखायचे, आता हमखास चुकते.

डावा हात वेळेवर सापडला, तो नुसत्या रात्रीच्या पट्ट्यावर भागतोय. पट्ट्याला पाचपैकी चार देईन, एक त्या वाकड्या पत्तीचा कापला. यंदा ऑर्डरी निम्म्याच घेतल्यात. कात्री मुलीकडे आहे, पण ती काज-बटणाला हात लावत नाही.