तापलेल्या हरितलवकात मीठ की बीटेन?

पानातल्या हरितलवकात, म्हणजे पेशीतल्या हिरव्या कणांत, प्रकाशसंश्लेषण चालतं. त्यात उष्णतेपुढे लवकर हात टेकणारा भाग म्हणजे प्रकाशप्रणाली २, प्रकाश पकडून पाणी फोडणारा प्रथिनांचा संच. तिथे ४ मँगनीज आणि १ कॅल्शियम अणूंचा पुंजका पाणी फोडून ऑक्सिजन सोडतो. ताप वाढला की त्यावरची राखणदार प्रथिनं सुटतात, मँगनीज निसटतो आणि ऑक्सिजन थांबतो. पण हे किती अंशांवर घडेल, ते भोवतालच्या रसायनांवरही ठरतं. मग ताप झेलायला मदत कशाची होते, मिठाची की बीटेनची?

मिठाचं द्रावण तीव्र असेल तर काम आधीच बिघडतं. पालकाच्या हरितलवकातून वेगळ्या काढलेल्या पटलांवर (ज्यांत प्रकाशप्रणाली २ बसलेली असते) १ मोलर सोडियम क्लोराइड, म्हणजे साध्या मिठाचं तीव्र द्रावण टाकलं, की त्या राखणदारांपैकी १७ आणि २३ किलोडाल्टन (रेणूच्या वजनाचं एकक) वजनाची प्रथिनं उष्णता न देताही गळून पडतात. मग थोडा तापही जड जातो. गंमत म्हणजे मिठातलंच थोडं क्लोराइड याच पुंजक्याला हवंच असतं.

ग्लायसीन बीटेनचं, म्हणजे काही वनस्पती ताणात साठवतात त्या छोट्या रेणूचं, उलट. ते प्रथिनांना चिकटत नाही, त्यांच्या पृष्ठभागापासून दूर राहतं. त्यामुळे प्रथिनांना घट्ट घडीतच राहणं सोयीचं पडतं आणि पुंजका जास्त तापमानापर्यंत टिकतो. पालक ते हरितलवकातच बनवतो, भात जवळपास नाहीच.

माझा कौल बीटेनला. मात्र हे वेगळ्या काढलेल्या पटलांपुरतं. खाऱ्या जमिनीत वाढणाऱ्या काही वनस्पतींच्या अखंड पानांत क्षाराच्या ताणानंतर तापसहनशक्ती उलट वाढलेली दिसते.